जुन्या गाडीचं तेलपाणी



आपला कुठलाही कार्यक्रम संपला, मग तो गणपतीचा असो नाहीतर कोजागिरीचा, की पार्किंगमध्ये चार-पाच जणांचा घोळका हमखास रेंगाळतो. (घरची मंडळी गाडीत बसून वाट पाहत असतात, ते वेगळंच!) तिथला विषय ठरलेला. "तुझी सीओई कधी संपतेय?" आणि लगेच त्याला जोडून, "मग, रिन्यू करणार की स्क्रॅप?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण त्या पंधरवड्यातल्या सीओईच्या भावावरून देतात. मला विचाराल तर निम्मं उत्तर बॉनेटखाली एका हातभर लांब पट्टीवर असतं. ती पट्टी म्हणजे डिपस्टिक. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती गेल्या वर्षभरात एकदाही बाहेर काढून पाहिलेली नसते. मीही काढत नव्हतो. त्याची मोठी किंमत मोजायची वेळ माझ्यावर थोडक्यात आली होती, म्हणून हा लेखनप्रपंच. मी काही मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. जे शिकलो ते थोडं गाडीने शिकवलं आणि बरंचसं सासऱ्यांनी.

ईसीपीवरचा लाल दिवा

गोष्ट डिसेंबर २०१६ ची. सासूबाई आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, पहिल्यांदाच सिंगापूरला येत होते. चांगी विमानतळावरून त्यांना घेऊन आम्ही ईस्ट कोस्टला घरी निघालो. गाडी तेव्हा साडेआठ वर्षांची, १६०० सीसीची जपानी सेदान. ईसीपीला लागताना वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तो तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला, क्षणभर लुकलुकला. वळण संपलं, दिवा विझला. मी काही बोललो नाही. थोडं पुढे ब्रेक दाबला, पुन्हा लुकलुकला.

"सेन्सर बिघडला असेल," मी हिला म्हणालो.

मागून अण्णांचा आवाज आला, "जावईबापू, गाडी कडेला घ्या. आत्ता. आणि इंजिन बंद करा."

अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इंजिनं उघडण्यात गेली. त्यांच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. गाडी शोल्डरवर घेतली, हॅझर्ड लाइट लावले, सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं केलं. अण्णांनी विचारलं, "तेल आहे का?"

"अण्णा, सर्व्हिसिंग होऊन आठच महिने झालेत."

"सर्व्हिसिंगचं नाही विचारलं. तेल आहे का?"

पट्टी काढली. कोरडी ठणठणीत. टोकालासुद्धा थेंब नाही.

थोड्याच वेळात एलटीएची रिकव्हरी गाडी आली आणि आम्हाला जवळच्या ठरलेल्या कार पार्कमध्ये ओढून नेऊन सोडलं, एक पैसा न घेता. (एक्सप्रेसवेवर बंद पडलेल्या गाडीसाठी ही सोय आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.) टॅक्सीने जाऊन तेलाचा डबा आणला. ज्या इंजिनात एकूण चार लीटर तेल बसतं, त्यात तीन लीटर तेल ओतल्यावर पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत पातळी आली. म्हणजे आम्ही पाच माणसं आणि लोणच्या-चिवड्याच्या चार बॅगा एक लीटर तेलावर चाललो होतो.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की गाडीखाली कधी तेलाचा ठिपका पडलेला नव्हता. धूर कधी दिसला नव्हता. आणि विंडस्क्रीनच्या कोपऱ्यातला स्टिकर सांगत होता, की पुढची सर्व्हिसिंग अजून दोन हजार किलोमीटर लांब आहे.

चार लीटरचं गणित

आता साधा हिशोब करू. आठ हजार किलोमीटरमध्ये तीन लीटर, म्हणजे साधारण २७०० किलोमीटरला एक लीटर. हा आकडा जुन्या गाडीसाठी फार भयंकर आहे असं नाही. काही जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर १००० किलोमीटरला एक लीटर ही तेल खाण्याची कमाल मर्यादा म्हणून छापलेली आहे. जरा विचार करा! कंपनीच्या मर्यादेत बसणारी, म्हणजे 'निरोगी' गाडीसुद्धा चार हजार किलोमीटरमध्ये तेल संपवून बसू शकते, आणि आपण सर्व्हिसिंगला जातो दहा हजारांनी. घोटाळा नेमका इथेच आहे. दहा हजारांचा आकडा नव्या इंजिनासाठी ठरवलेला असतो. गाडी म्हातारी होते, स्टिकरवरचा आकडा मात्र तोच राहतो.

दुसरा गैरसमज त्या लाल दिव्याचा. तो तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. पेट्रोलच्या दिव्यासारखा "थोडंच उरलंय बरं का" असं तो सांगत नाही. इंजिनाच्या तळाच्या कढईत, म्हणजे सम्पमध्ये, तेल साठतं आणि पंप ते एका जाळीतून ओढून वर पाठवतो. तेल कमी झालं, की वळणावर किंवा ब्रेक मारताना ते एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दाब कोसळतो, दिवा लागतो. तोपर्यंत पातळी पट्टीवरच्या खालच्या खुणेच्याही बरीच खाली गेलेली असते. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसापेक्षा पातळ थर असतो. तो फाटला की धातू धातूवर घासतो, आणि मग इंजिन कायमचं जाम व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून तो दिवा लागला की "घर दोन किलोमीटरवर आहे, जाऊ हळूहळू" असं करायचं नाही. बंद म्हणजे बंद.

बाबांची फियाट

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "तुमच्या वडिलांकडे फियाट होती ना? ते तेल कधी बघायचे?" आणि मला एकदम आठवलं. दर रविवारी! सकाळी आंघोळीआधी बाबा बनियनवर खाली जायचे, बॉनेट उघडायचे, रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून पट्टी. फडकं धरायला मी. तेल लागलं तर २०डब्ल्यू-४० च्या डब्यातून घालायचं आणि डबा पुन्हा डिकीत.

ती फियाट म्हणजे अर्थातच प्रीमियर पद्मिनी. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची. आधी तिचं नाव फियाट ११००, आणि १९७४ पासून पद्मिनी. मुंबईची काळीपिवळी म्हणजे तीच. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या गाड्या तेल खायच्या, गळायच्या, धूर सोडायच्या. पण त्यांच्या मालकांना आणि टॅक्सीवाल्यांना आपल्या गाडीत किती तेल आहे हे रोजच्या रोज ठाऊक असायचं. आपल्या गाड्या इतक्या चांगल्या निघाल्या, की पहिली सात-आठ वर्षं बॉनेट उघडावंच लागत नाही. तेवढ्यात सवय मोडते, आणि नेमकं त्यानंतर तिची गरज पडू लागते.

पट्टी पाहण्याची पद्धत अगदी सोपी आहे, तरी लिहितो. गाडी सपाट जागी हवी. कॉन्डोच्या बेसमेंटला जाणाऱ्या उतारावर नको. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पाहावं, किंवा गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून. पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दुसऱ्या वेळचं पाहा. पहिल्या वेळचं खरं नसतं, कारण तेल पट्टीच्या नळीत उडालेलं असतं. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लीटरचं असतं. पातळी मध्याच्या खाली गेली की वर आणा. वरच्या खुणेच्या पलीकडे मात्र भरू नका. जास्त तेल घातलं तर क्रँकशाफ्ट त्यात घुसळून फेस करते, आणि फेसाने दाब मिळत नाही. "असू दे थोडं जास्त" हा आपला पोळीवरच्या तुपाचा नियम इथे चालत नाही.

तेल जातं कुठे?

तेल कमी होण्याच्या वाटा दोनच. एक तर ते गळतं, नाहीतर जळतं.

गळती शोधायला रात्री गाडीखाली एक खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी स्वच्छ पाण्याचा डाग दिसला तर घाबरू नका, ते एसीचं पाणी. सिंगापूरच्या दमट हवेत ते भरपूर गळतं आणि त्यावरून वर्कशॉप गाठलेली माणसं मी पाहिली आहेत. तपकिरी किंवा काळा डाग असेल तर इंजिन ऑइल. लालसर आणि बुळबुळीत असेल तर बहुतेक गिअरबॉक्सचं. हिरवा किंवा गुलाबी पाणचट डाग म्हणजे कूलंट, आणि त्याकडे मात्र लगेच पाहायचं.

पण पुठ्ठा कोरडा राहिला म्हणजे गळती नाही, असंही नाही. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली रबराचं गॅस्केट असतं. इथल्या उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत आठ-दहा वर्षांत ते कडक होऊन चिरतं. तिथून झिरपणारं तेल खाली जमिनीवर न पडता तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तिथेच जळतं. सिग्नलला थांबल्यावर एसीतून करपट वास येतो का, ते पाहा. आमच्या गाडीत यायचा. आम्ही पुढच्या बसला दोष द्यायचो! हेच तेल आतल्या बाजूने स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरलं, तर इंजिन अडखळायला लागतं.

जळण्याच्या बाबतीत पहिला संशयित असतो अगदी किरकोळ भाग, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साठणारे वायू पुन्हा जाळण्यासाठी हवेच्या वाटेवर नेणारी ही बोटभर झडप. ती चिकटून उघडी राहिली तर वायूबरोबर तेलाचे तुषारही ओढले जातात. चिकटून बंद राहिली तर पोटातला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या गॅस्केटमधून बाहेर पडतं. शंभर डॉलरच्या आत बदलून मिळते, तरीही "इंजिन ओव्हरहॉल करायला लागेल" असं म्हणण्याआधी ती तपासून पाहायचं काही वर्कशॉपना सुचत नाही. आम्हाला पहिल्या ठिकाणी थेट ओव्हरहॉलचाच आकडा सांगितला होता.

त्यानंतर व्हॉल्व्हचे सील आणि पिस्टनच्या रिंगा. या दोघांतला फरक निळ्या धुरावरून ओळखता येतो, आणि हे अण्णांनी मला गेंटिंगचा घाट उतरताना शिकवलं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, किंवा लांब उतार इंजिन ब्रेकवर उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच धूर आला, तर दोष सीलचा. कारण उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना सिलिंडरमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि कडक झालेल्या सीलमधून तेल खाली ओढलं जातं. उलट चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर दोष रिंगांचा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, तेलाशी त्याचा संबंध नाही. इंजिन तापल्यावरही थांबत नसलेला दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय. त्याच्या जोडीला पट्टीवरचं तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर हेड गॅस्केट गेलं समजा आणि गाडी चालवू नका.

मात्र धूर दिसला नाही म्हणून तेल जळत नाही, असं समजू नका. हळूहळू जळणारं तेल एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गिळून टाकतो आणि मागे काहीच दिसत नाही. आमचं तसंच झालं होतं. पण तेलातल्या फॉस्फरसने तो कन्व्हर्टरच हळूहळू निकामी होतो, आणि मग इन्स्पेक्शनमध्ये धुराच्या चाचणीत गाडी अडकते. दहा वर्षांपर्यंत इन्स्पेक्शन दोन वर्षांनी एकदा असतं. दहा वर्षं उलटली की दरवर्षी.

ईस्ट कोस्टची खास सवय

आता आपल्या भागाबद्दल थोडं. सकाळी मुलांना शाळेत सोडणे, मरीन परेडला भाजी, संध्याकाळी बेडोकला क्लास, रात्री कुणाकडे तरी जेवण. गाडी दिवसातून सहा वेळा सुरू होते आणि एकदाही पाच किलोमीटर सलग जात नाही. वरून वाटतं, गाडी किती कमी वापरली! पण तेलाच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट वापर. एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण एक लीटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळते, न जळलेल्या पेट्रोलबरोबर. लांब पल्ल्यात तेल चांगलं तापतं आणि हे सगळं उडून जातं. छोट्या फेऱ्यांत ते तिथेच राहतं. डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो ते कूलंटचं तापमान. तेलाला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखं पिवळट दिसलं आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असलं, तर कारण हेच.

असं तेल दहा हजार किलोमीटर बदललं नाही, की त्याचा काळा चिकट गाळ होतो. श्रीखंडाच्या चक्क्यासारखा, फक्त काळा. तो पंपाची जाळी आणि रिंगांमागची भोकं बुजवतो. मग रिंगा जागच्या जागी चिकटतात, तेल खरवडून खाली आणू शकत नाहीत, आणि तेल जळू लागतं. या गाळाने भल्याभल्यांची झोप उडवली आहे. अमेरिकेत टोयोटाच्या १९९७ ते २००२ या वर्षांतल्या काही गाड्यांमध्ये असा गाळ होण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की कंपनीने २००२ मध्ये त्या इंजिनांसाठी आठ वर्षांचं खास संरक्षण जाहीर केलं होतं.

उपाय म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवावी. ईसीपीवरून थेट जुरॉंगपर्यंत जाऊन यावं, चहा तिकडे प्यावा. सकाळी उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून 'गरम' करणं हा उपाय नव्हे. त्याने तेल तापत नाही, आणि इथे उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवणं हा गुन्हा आहे. छोट्या फेऱ्यांसाठी तर आता गाडी काढायचं कारणही कमी झालंय. जून २०२४ पासून थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइन मरीन परेड, सिगलॅप, बेशोअरपर्यंत आली आहे. पूर्वी ज्यांना एमआरटी गाठायलाच गाडी लागायची, त्यांच्या इंजिनांना यामुळे बरे दिवस आले असणार.

याच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे मलेशियाची सहल. तीनशेहून जास्त किलोमीटर क्वालालंपूरपर्यंत, तेही वेगात, भरलेल्या गाडीने. तेल खाणारं इंजिन अशा वेळी आणखी खातं. वुडलंड्सला पाऊण टाकी पेट्रोल हवं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तेल पाहिलंय का, हे तिथे कुणी विचारत नाही. ते आपणच आदल्या रात्री पाहायचं आणि एक लीटरचा डबा डिकीत टाकायचा, बाबांच्या फियाटसारखा.

कोणतं तेल, किती दिवसांनी?

इथे मतांचा बाजार आहे, तेव्हा माझंही एक मत. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो आणि नंतरचा गरम इंजिनातला घट्टपणा. आपल्याकडे पहाटेसुद्धा चोवीस-पंचवीस अंश असतात, त्यामुळे पहिल्या आकड्याची चिंता नको. दुसरा आकडा महत्त्वाचा. तेल खाणाऱ्या गाडीला वर्कशॉपवाले अंकल ३० ऐवजी ४० घालायला सांगतात. मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात असं लिहिलेलं असेल तर जरूर करून पाहा, खप थोडा कमी होतो. मॅन्युअलच्या पलीकडे जाऊन फार घट्ट तेल घालू नका. आताच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर हे दोन्ही तेलाच्या दाबावर चालतात, आणि त्यांच्या वाटा बारीक असतात. सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखडाट झाला तर तो बहुधा त्या टेन्शनरचा असतो. तेव्हा आधी पट्टी पाहा.

तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. फ्लशिंगच्या बाबतीत मी अण्णांच्या बाजूने आहे. वर्षानुवर्षांचा गाळ रसायनाने एकदम सोडवला तर तो जाळीत जाऊन बसतो, आणि जे दुखणं सावकाश चाललं होतं ते एका दुपारी जिवावर बेततं. त्यापेक्षा चांगलं तेल आणि नवा फिल्टर घालून पाच-पाच हजारांवर दोन-तीनदा बदला. तेलच गाळ हळूहळू धुऊन काढतं. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवतात. दोन-चार महिने बरं वाटतं, मग ये रे माझ्या मागल्या.

आणि स्वतः तेल बदलायची हौस असेल तर ती कार पार्कमध्ये भागवू नका. जुनं तेल गटारात तर चुकूनही नको. सिंगापूरच्या दोन-तृतीयांश जमिनीवरचं पावसाचं पाणी गटारांतून जलाशयांत जातं आणि तेच आपण पितो.

रिन्यू की स्क्रॅप?

आता मूळ मुद्दा. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सीओई ही पद्धत १९९० साली सुरू झाली. दहा वर्षं झाली की गाडी मोडीत काढायची आणि पीएआरएफची रक्कम परत घ्यायची, किंवा गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीने निघणारा पीक्यूपी भरून गाडी पुढे चालवायची. पूर्ण रक्कम भरली तर दहा वर्षं, निम्मी भरली तर पाच. पाच वर्षांची निवडली तर त्यानंतर पुन्हा नूतनीकरण नाही. नूतनीकरण केलं की पीएआरएफवर पाणी सोडायचं, शिवाय रोड टॅक्सवर दहाव्या वर्षानंतर दहा टक्के अधिभार, तो दरवर्षी वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. लहान गाड्यांच्या सीओईचा भाव नोव्हेंबर २००८ मध्ये चक्क दोन डॉलरवर आला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच गटाने १,०६,००० डॉलर पाहिले. एवढी रक्कम आपण ज्या इंजिनावर लावणार, ते तेल किती खातं हे न मोजताच लावायची?

आम्ही मोजलं. दीड वर्ष हातात होतं. पातळी वरच्या खुणेवर आणली, किलोमीटर वहीत लिहिले, आणि दर हजार किलोमीटरला त्याच पार्किंगच्या जागी, सकाळी, पट्टी पाहिली. घातलेलं तेल मापाने मोजून लिहिलं. तीन महिन्यांत आकडा पक्का झाला, साधारण २८०० ला एक लीटर. मग काकी बुकितच्या एका वर्कशॉपमध्ये आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. अण्णांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, "आता प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्यायला सांगा. आकडा खूप वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर रिंगांना हात लावू नका." फारसा वाढला नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि वरचं गॅस्केट बदललं, तेल पाच हजारांवर बदलू लागलो, आणि वहीतला आकडा हळूहळू ४५०० ला एक लीटरवर आला. वर्षाला दोन-तीन लीटर तेल वरून घालावं लागणार होतं. सीओईच्या रकमेपुढे तो खर्च चहापाण्याचा. आम्ही पाच वर्षांचं नूतनीकरण केलं. दहा वर्षांची हिंमत मात्र झाली नाही. गिअरबॉक्स, रेडिएटर, एसी यांचीही वयं तीच असतात, आणि त्यांची अशी पट्टी नसते.

बेडोकच्या आमच्या एका मित्राने याच सुमारास नूतनीकरण झालेली जुनी गाडी विकत घेतली. रंग चकचकीत, आतून नवी कव्हरं. विक्रेत्याकडे गेला तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं, त्यामुळे सकाळचा धूर त्याला दिसलाच नाही. चार महिन्यांत रिंगांचं काम निघालं. जुनी गाडी पाहायला जाल तर थंड इंजिन स्वतः सुरू करा, कुणाला तरी मागे उभं करा, आणि तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा.

आमची गाडी जून २०२३ पर्यंत चालली. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे ती द्यावी लागली. द्यायच्या दिवशी सकाळी सवयीने बॉनेट उघडलं, पट्टी पुसून पाहिली. तेल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. फोटो काढून अण्णांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "चांगली आहे की अजून! कशाला देताय?" त्यांना सीओई समजावून सांगायचा प्रयत्न मी गेली सात वर्षं करत होतो. त्या दिवशी पुन्हा केला.